तार षड्जावरचा अनुस्वार

हुबळीच्या दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या जुन्या घरात दोन दप्तरे कित्येक वर्षे एकाच छपराखाली नांदत आली. खाली कापडाच्या दुकानाचे दप्तर, म्हणजे रोजकीर्द, खतावणी आणि उधारीच्या वह्या, ज्यांतील सर्वांत जुन्या मोडीत असल्यामुळे आज घरातल्या कोणालाच सलग वाचता येत नाहीत. आणि माडीवरच्या कपाटात माझ्या आत्यांचे दप्तर, म्हणजे कापडी बांधणीच्या सात वह्या, ज्यांत त्यांनी गुरुमुखातून मिळालेली प्रत्येक चीज बोल, ताल आणि स्वर यांसह उतरवून ठेवली होती. दुकानाच्या वह्यांचे काम ते ते वर्ष सरले तसे संपले. आत्यांच्या वह्यांचे मोल मात्र त्या गेल्यानंतर वाढत गेले, कारण त्यांतल्या अनेक चिजा त्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकल्या अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. या वह्यांची स्वच्छ छापील प्रत करावी या हेतूने मी काही वर्षांपूर्वी संगणकासमोर बसलो, आणि जे काम एका उन्हाळ्यात उरकेल असे वाटले होते त्याने मला एक नवी विद्या शिकायला लावली. स्वरलेखनाच्या संगणकीय साधनात स्वतःच्या आज्ञा स्वतः रचण्याची ही विद्या आहे, आणि ज्यांच्या घरी असे एखादे बाड पडून आहे अशा सामान्य वाचकालाही तिची ओळख असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या भागात अशी बाडे घरोघरी असणे स्वाभाविक आहे. हुबळीपासून आगगाडीने थोड्याच अंतरावर असलेले कुंदगोळ पूर्वी जमखंडी संस्थानात मोडत असे. तेथील रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. आणि त्यांच्याकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून गाडीने कुंदगोळला जात-येत असत. गदगचे भीमसेन जोशी त्याच गुरूच्या घरी राहून शिकले. धारवाडजवळच्या मन्सूर गावाने मल्लिकार्जुन मन्सूर दिले. १९५६ साली धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी चिजांच्या वह्या पुढेही कित्येक घरांत मराठीतच लिहिल्या जात राहिल्या, आणि शिकवणारे व शिकणारे कानडीत बोलत, व्रज भाषेत गात आणि देवनागरीत स्वर लिहीत, यात कोणालाही विसंगती वाटत नसे.

आत्यांचे लेखन भातखंडे पद्धतीचे होते. वकिली पेशाचे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत ठिकठिकाणच्या उस्तादांकडून मिळवलेल्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या, हे संगीताच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही; पण त्यांच्या लिपीचा काटकसरीपणा पुरेसा लक्षात घेतला जात नाही. शुद्ध स्वराला काही खूण नाही. कोमल स्वराच्या पायाशी आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. एका मात्रेत दोन किंवा अधिक स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली एक कमान. मींडेसाठी वरून कमान. कणस्वर बारीक अक्षरात मुख्य स्वराच्या खांद्यावर. सम, खाली आणि टाळ्या यांच्या खुणा सर्वांच्या तळाशी. एवढ्या भांडवलावर त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन कागदावर मांडता येते. हाताने लिहिणाऱ्याला यात काहीच अवघड नाही. अडचण येते ती छापताना, कारण शिशाच्या खिळ्यांच्या काळातही अक्षराच्या वर आणि खाली एकाच वेळी खूण हवी असेल तर एकतर तसा खिळा वेगळा ओतून घ्यावा लागे, नाहीतर जुळाऱ्याला टिंबांची आणि रेघांची स्वतंत्र ओळ जुळवून ती अक्षरांच्या ओळीशी मात्रेगणिक ताडून पाहावी लागे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केल्यावर संगीताची पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखानाही काढला. बालपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी अधू झालेल्या माणसाने इतरांना डोळ्यांनी वाचता यावी अशी स्वरलिपी रचावी आणि तिच्या छपाईची यातायातही स्वतःच अंगावर घ्यावी, हे मला नेहमीच फार मोठे वाटत आले आहे.

मी सुरुवात केली ती साध्या लेखनाच्या प्रोग्रामात. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तोडी होती, आणि तोडीत रिषभ, गंधार व धैवत कोमल आणि मध्यम तीव्र, म्हणजे खुणा पदोपदी. थोड्याच वेळात मला आढळले की आपल्या लोकांनी यावर एक तोडगा केव्हाच काढून ठेवला आहे. तार षड्ज हवा तर ‘सा’वर अनुस्वार देऊन ‘सां’ लिहावे. मंद्र स्वर हवा तर अक्षराखाली नुक्ता द्यावा. आणि कोमल-तीव्राच्या रेघांसाठी, युनिकोडच्या देवनागरी विभागात वेदपठणासाठी ज्या दोन स्वरचिन्हांना जागा दिलेली आहे, ती उसनी घ्यावीत. ऋग्वेदाच्या पोथ्यांत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त दाखवते आणि माथ्यावरची उभी रेघ स्वरित दाखवते. त्याच दोन रेघा भातखंड्यांच्या लिपीत कोमल आणि तीव्र यांच्या झाल्या, म्हणून ग॒ आणि म॑ असे लिहिले की पान अगदी हुबेहूब दिसते. वेदाची खूण गाण्याच्या कामी यावी यात मला एक प्रकारचे समाधानही वाटले, आणि त्या समाधानात मी दोन वह्या टंकून टाकल्या.

दोष ध्यानात आला तो शोध घेताना. एका चिजेत तार षड्जावर नेमकी सम कोठे येते ते पाहण्यासाठी मी ‘सां’ शोधले, आणि संगणकाने मला ‘सांवरे’, ‘सांझ’, ‘सांची’ असे चिजांच्या बोलांतले शब्द एकामागून एक दाखवायला सुरुवात केली. त्याचे काहीच चुकले नव्हते. मी त्याला षड्ज दिलाच नव्हता. मी त्याला सांगलीतला ‘सां’ दिला होता. मंद्र गंधार म्हणून मी जे लिहिले होते ते त्याच्या दृष्टीने फारसीतून आलेल्या ग़ज़लेतले ‘ग़’ होते. आणि मंद्र रिषभासाठी ‘र’ला नुक्ता दिला की युनिकोड त्याला ‘ऱ’ मानते, जे अक्षर आपण मराठीत ‘सुऱ्या’ आणि ‘दऱ्या’ लिहिताना वापरतो. शिवाय मंद्र कोमल धैवताला रेघ आणि टिंब दोन्ही हवीत, रेघ अक्षरालगत आणि टिंब तिच्याखाली. पण युनिकोडच्या नियमाने नुक्ता अक्षराला अधिक जवळचा, त्यामुळे टिंब आत शिरे आणि रेघ बाहेर पडे. म्हणजे पान दिसायला अस्सल, परंतु आतला दस्तऐवज बनावट. डोळ्याला तार षड्ज आणि दप्तरात अनुस्वार, असा हा व्यवहार होता. आणि ज्या घरात मोडीच्या वह्या वाचता न आल्यामुळे निरुपयोगी झाल्या आहेत, त्या घरात तरी मला तो पुढे चालवणे प्रशस्त वाटेना.

याहून मोठा धक्का पाचव्या वहीने दिला. मध्यंतरी एका वर्षी आत्या परीक्षेच्या निमित्ताने दुसऱ्या शिक्षकांकडे जात असत, आणि ते पलुस्कर पद्धतीने लिहीत. त्या पद्धतीत माथ्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि माथ्यावरची उभी रेघ तार सप्तक. कोमल स्वराला पायाशी हलन्तासारखी तिरपी रेघ. म्हणजे ज्या टिंबाला भातखंडे वरचे सप्तक म्हणतात त्यालाच पलुस्कर खालचे म्हणतात, आणि जी उभी रेघ एकाकडे मध्यमाला तीव्र करते तीच दुसऱ्याकडे कोणत्याही स्वराला वरच्या सप्तकात नेऊन ठेवते. मी हे न ओळखता त्या वर्षाच्या अकरा चिजा जशा दिसल्या तशा नकलून घेतल्या होत्या. त्या गाऊन पाहिल्यावर मुखडा भलत्याच सप्तकात वर उडू लागला, तेव्हा कोठे चूक उमगली. खूण आणि खुणेचा अर्थ या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि मी इतके दिवस अर्थ टाकून देऊन खुणाच जपत बसलो होतो.

येथे मला लिलीपाँड हे साधन उपयोगी पडले. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी १९९६ साली ते लिहायला घेतले, आणि ते मुक्त व विनामूल्य आहे. पाश्चात्त्य संगीताच्या हाताने कोरलेल्या जुन्या पत्र्यांची छपाई जितकी देखणी असे तितकी देखणी छपाई संगणकाने करावी, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. स्वरलेखनाच्या इतर पुष्कळ साधनांत पडद्यावर कागद दिसतो आणि त्यावर बोटाने किंवा माउसने खुणा ठेवत जायचे असते. लिलीपाँडमध्ये कागद दिसत नाही. आपण एक साधा मसुदा लिहायचा, ज्यात अक्षरे आणि त्यांना दिलेल्या आज्ञा असतात, आणि तो मसुदा प्रोग्रामाच्या हवाली करायचा. प्रोग्राम त्याबरहुकूम पान रचून पीडीएफ हाती देतो. प्रथमदर्शनी ही पद्धत उलटी वाटते. पण मसुदा कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या प्रोग्रामात उघडून वाचता येतो, हा तिचा फार मोठा गुण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनाले या नामांकित साधनाच्या निर्मात्यांनी पस्तीस वर्षांनंतर त्याचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या साधनाच्या खास साच्यात बांधलेल्या संगीताचे पुढे काय करायचे हा प्रश्न जगभरच्या संगीतकारांपुढे उभा राहिला. वहीला साठ-सत्तर वर्षे टिकायचे असेल तर ती अशा एका कुलपात ठेवणे मला धोक्याचे वाटते.

लिलीपाँडमधली आज्ञा मागे झुकलेल्या रेघेने सुरू होते, जिला बॅकस्लॅश म्हणतात. अक्षर ठळक करा, तिरपे करा, वर उचला, एकाखाली एक रचा, अशा शेकडो आज्ञा त्यात जन्मतःच आहेत, आणि मजकुरासंबंधीच्या आज्ञांना तेथे मार्कअप असे म्हणतात. परंतु ‘हा स्वर मंद्र करा’ अशी आज्ञा त्यात नाही, कारण ते साधन पाच रेषांच्या पाश्चात्त्य लिपीसाठी जन्मले. त्याच्या कर्त्यांचे औदार्य असे की त्यांनी वापरणाऱ्याला नवी आज्ञा घडवण्याची मुभा ठेवली, आणि तिचे नाव देवनागरीत ठेवण्यालाही आडकाठी केली नाही. म्हणून आज माझ्या मसुद्यात तोडीचा मंद्र कोमल धैवत असा लिहिलेला असतो:

\मंद्र \कोमल \ध

\मंद्र ही आज्ञा कागदावर अमुक जागी टिंब ठेवायला सांगत नाही. ती स्वराचे सप्तक सांगते. टिंब वर द्यायचे की खाली, की त्याऐवजी रेघ काढायची, हा तपशील त्या आज्ञेच्या व्याख्येत, मसुद्याच्या शिरोभागी, एकदाच लिहिलेला असतो. पाचव्या वहीसाठी मला अकरा चिजा पुन्हा लिहाव्या लागल्या, कारण माझ्याच अज्ञानाने त्यांत चुकीची सप्तके शिरली होती. पण त्या एकदा अर्थानुसार लिहिल्यावर भातखंडे पद्धतीने छापायच्या की पलुस्कर पद्धतीने, हे ठरवायला दोन-तीन व्याख्या बदलणे पुरते.

व्याख्या रचण्याचे काम स्कीम नावाच्या भाषेत करावे लागते. १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जन्मलेली ही लहानशी, कंसांनी गच्च भरलेली भाषा आहे. एखाद्या आज्ञेची व्याख्या करताना प्रथम तिचे नाव लिहायचे, मग तिला काय काय पुरवले जाईल ते सांगायचे, आणि शेवटी त्यातून कोणते चित्र निर्माण व्हावे ते. पुरवल्या जाणाऱ्या वस्तूंत पहिल्या दोन नेहमी ठरलेल्या असतात आणि त्या आपण द्यायच्या नसतात, प्रोग्राम स्वतःच देतो: एकीत पानाची मापे आणि रचना असते, तर दुसरीत त्या क्षणी लागू असलेले गुणधर्म, म्हणजे अक्षराचा आकार, वळण, ठळकपणा वगैरे. त्यांच्यामागून आपल्या वस्तू येतात, आणि त्या कोणत्या जातीच्या असल्या पाहिजेत तेही बजावून ठेवावे लागते. आकडा हवा तेथे कोणी मजकूर दिला तर प्रोग्राम ओळ आणि स्थान सांगून तक्रार करतो. ही शिस्त पहिल्या आठवड्यात जाचक वाटली, आणि एक सबंध संध्याकाळ माझी एका न मिटलेल्या कंसापायी गेली, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर मात्र या काटेकोरपणाची मला सवयच नव्हे तर गोडी लागली.

मजकुराचे चित्र होते म्हणजे नेमके काय होते, हे कळल्याखेरीज पुढचे काही उमगत नाही. प्रोग्रामाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर म्हणजे शाई आणि तिच्याभोवतीची एक अदृश्य चौकट, जिच्या डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या कडा त्याला ठाऊक असतात. माझी \कोमल ही आज्ञा आधी अक्षराला त्याची चौकट विचारते, तिच्या रुंदीइतकी रेघ ओढते, ती खालच्या कडेपासून थोडे अंतर सोडून ठेवते, आणि अक्षर व रेघ मिळून झालेली नवी, मोठी चौकट पुढे सोपवते. मग \मंद्र येते आणि त्या नव्या चौकटीच्या खाली टिंब ठेवते. म्हणून आज्ञांचा क्रम महत्त्वाचा. अक्षराला जी लगटून आहे ती आधी घडते, आणि रेघेखाली टिंब आपोआप जागेवर येते. क्रम उलटा केला की पुन्हा टिंब आत आणि रेघ बाहेर. जे युनिकोडच्या नियमाने साधत नव्हते ते येथे केवळ शब्दांच्या क्रमाने साधले. गुणधर्मांची ती दुसरी वस्तू कशासाठी असते, हेही कणस्वर लिहिताना कळले. कणस्वराचे अक्षर बारीक केले तर त्याखालचे टिंबही त्याच प्रमाणात बारीक व्हायला हवे, आणि टिंब काढताना चालू आकाराची चौकशी केली नाही तर बारीक निषादाखाली ते शाईच्या डागासारखे दिसते.

खरे कौशल्य पणाला लागले ते निषादाशी. ‘ग’ किंवा ‘म’ यांच्या चौकटीचा मध्य आणि डोळ्याला जाणवणारा मध्य यांत फारसा फरक नाही. पण ‘नि’ची वेलांटी डावीकडे उभी राहून चौकटीची रुंदी वाढवते, त्यामुळे गणिताने काढलेल्या मध्यावर ठेवलेले टिंब ‘न’च्या खाली न येता वेलांटी आणि अक्षर यांच्या फटीकडे सरकते. जुनी क्रमिक पुस्तके काढून मी ताडून पाहिली, आत्यांचे हस्ताक्षर पाहिले, आणि माझे मत असे झाले की टिंब ‘न’च्याच खाली असले पाहिजे, कारण वाचणाऱ्याची नजर तेथे टेकते. म्हणून निषादासाठी टिंब थोडे उजवीकडे सरकवण्याची तरतूद व्याख्येत करावी लागली. तार सप्तकातल्या टिंबाचा प्रश्न याहून नाजूक होता. ‘रे’च्या माथ्यावर मात्रा आहे, तीव्र मध्यमावर उभी रेघ आहे, ‘प’च्या माथ्यावर शिरोरेखेखेरीज काहीच नाही. प्रत्येकाच्या चौकटीवर टिंब ठेवले तर ओळीतली टिंबे वरखाली हिंदकळतात आणि गायकाला सप्तकाची रेषा एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. सर्व एकाच उंचीवर ठेवली तर ‘प’वरचे टिंब जरा पोरके वाटते. मी दुसरा मार्ग पत्करला. तान वाचताना डोळा टिंबांच्या ओळीवरून धावतो, आणि ती ओळ सरळ असणे मला अधिक हिताचे वाटते.

मात्रेखालची कमान तयार मिळाली. मजकुराखाली कमान ओढण्याची आज्ञा लिलीपाँडमध्ये आहेच. मी तिला \मात्रा या नावाखाली गुंडाळून तिची जाडी आणि अंतर आमच्या लिपीला मानवेल असे केले. नवी आज्ञा जुन्या आज्ञांवर उभी करता येते, आणि तीवर आणखी नवी. \विभाग, \आवर्तन अशा चढत्या पायऱ्यांनी शेवटी एक ओळ अशी लिहिता येते की तिच्यात तालाचे नाव आणि सोळा मात्रांचे स्वर-बोल एवढेच असावे, आणि समेची फुली, खालीचे शून्य, टाळ्यांचे आकडे, विभागांच्या उभ्या रेघा यांची व्यवस्था व्याख्येने पाहावी. एक सूचना मात्र अनुभवाने करतो: पहिल्याच दिवशी सर्वज्ञ आज्ञा घडवू नये. मी तशी एक घडवली होती, जिला चौदा वस्तू पुरवाव्या लागत, आणि आठवडाभराने तिच्यातली नववी वस्तू कशासाठी होती हे मलाच आठवेना. एका आज्ञेचे एकच काम असावे आणि ते तिच्या नावातून कळावे.

नावे अर्थाची ठेवल्याचे फळ अनपेक्षित ठिकाणी मिळाले. आमच्या पेठेत शेजारच्या एका मुलीला, जी कानडी शाळेत शिकते आणि देवनागरी हळूहळू वाचते, त्या तोडीची प्रत हवी होती. मसुद्यात मी स्वरांसाठीही नावेच ठेवलेली होती, म्हणून षड्जापासून निषादापर्यंतच्या सात व्याख्यांत देवनागरीच्या जागी कानडी अक्षरे घातली, कानडी वळण असलेला टाइप निवडला, आणि तीच चीज, त्याच कमानी आणि त्याच टिंबांसह, कानडी लिपीत छापून निघाली. कानडीत इकार अक्षराच्या माथ्यावर बसतो, डावीकडे उभा राहत नाही. त्यामुळे निषादासाठी केलेली ती सरकवण्याची तरतूद तेवढी त्या प्रतीपुरती काढून टाकावी लागली. ज्या प्रांतात आत्यांनी कानडी बोलणाऱ्या गुरूकडून शिकून मराठी अक्षरांत वही लिहिली, त्याच प्रांतात ती वही दोन पिढ्यांनंतर कानडी अक्षरांत परत जावी, याचा मला झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे.

गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाची आठवण येथे होते. पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यामागून पुट्टराज गवई या दोन दृष्टिहीन गुरूंनी तेथे अनेक दृष्टिहीन मुलांना संगीत शिकवले. आज दृष्टिहीन विद्यार्थ्याला संगणक मजकूर वाचून दाखवतो. त्याच्यापुढे माझ्या पहिल्या दोन वह्या ठेवल्या असत्या तर त्याला ‘सां’, ‘ग़’ असे काहीतरी निरर्थक ऐकू आले असते. ‘तार सा’, ‘मंद्र कोमल ध’ असे लिहिलेला मसुदा मात्र त्याला जसाच्या तसा ऐकता येतो, आणि त्याच आज्ञांचा ब्रेलमध्ये तर्जुमा करण्याची वाटही मोकळी राहते. त्या दोन वह्या मी नव्याने लिहिल्या त्या मुख्यतः या विचारामुळे.

सात वह्यांपैकी सहा आता पूर्ण झाल्या आहेत. सातवीत एक खूण अडली आहे. तोडीच्या एका विलंबित चिजेत कोमल गंधाराच्या उजव्या खांद्यावर आत्यांनी बारीक आकड्यासारखी एक वळलेली रेघ काढली आहे, जी भातखंडे लिपीत नाही आणि पलुस्कर लिपीतही नाही. प्रथम मला वाटले की हा अतिकोमल गंधार असावा. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा उतरता लागतो हे जाणकार गायक सांगतात, आणि भातखंड्यांच्या लिपीत त्यासाठी वेगळी खूण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर बावीस श्रुतींच्या शोधात सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना साह्य केले होते आणि देवलांचे त्यावरचे पुस्तक १९१० साली निघाले होते, तेव्हा त्या परंपरेत वाढलेल्या गुरूने शिष्येला असा बारकावा लिहून ठेवायला सांगितले असणे अगदी शक्य आहे. तसे गृहीत धरून मी \अतिकोमल अशी आज्ञा लिहिलीही होती. पण आठ पाने उलटल्यावर तीच खूण यमनाच्या निषादावर सापडली, आणि यमनाचा निषाद शुद्ध. तेथे अतिकोमलाचा संबंधच येत नाही. कदाचित ती आंदोलनाची खूण असेल, कदाचित येथे श्वास घ्यावा अशी, कदाचित गुरूने तेथे टोकले होते एवढेच.

ती आज्ञा मी खोडली आणि तिच्या जागी \आत्यांचीखूण ही ठेवली, जी ती वळलेली रेघ आहे तशी, त्याच खांद्यावर, त्याच झुकावाने छापते आणि तिच्याविषयी काहीही ठरवत नाही. त्यांच्यासोबत शिकलेल्या एक वृद्ध बाई धारवाडला असतात. छापलेली दोन पाने घेऊन येत्या आठवड्यात त्यांच्याकडे जाणार आहे.